पाण्याला दिलेली भूल

शनिवार, ३ जून

आले एकदाची. चार पिशव्या, शिवणयंत्र, तुळशीसारख्या रेहानची कुंडी आणि मांडीवर माझ्या नवऱ्याचा, लबीबचा, फोटो, असा माझा पसारा बघून टॅक्सीवाला म्हणाला, मादाम, सासरी निघालात की काय. मी म्हटलं, बाबा रे, या वयात सासर कुठलं, मैत्रिणीच्या घरी चाललेय. मग शहराबाहेरचं किंग मरियूत येईपर्यंत तो त्याच्या सासूच्या गोष्टी सांगत होता. किती दिवसांनी हसले. निदान हसण्याचा आवाज तरी केला.

घर दुर्रियाचं. सहाव्या वर्षापासून आम्ही दोघी सिस्टरांच्या शाळेत एका बाकावर बसलो. ती गेल्या वर्षापासून मुलीकडे, मॉन्ट्रियलला. फोनवर म्हणाली, लोरीस, तुझा तो ट्रामच्या रस्त्यावरचा फ्लॅट तुला गिळून टाकेल, जिकडे बघशील तिकडे लबीबची खुर्ची. उन्हाळाभर माझ्या घरी राहा, झाडांना पाणी घाल, आणि मी येईपर्यंत तेवढा पोहण्याचा तलाव ठीक करून ठेव. मी म्हटलं, मला साधी बादली ठीक करता येत नाही. तर म्हणे, माहीत आहे गं बये, शिवणाच्या तासाला तू स्वतःची बाही खालच्या झालरीला शिवली होतीस. म्हणून तर माणूस पाठवतेय.

घर बैठं, पिवळं, फार गोड. दारात तुतीचं झाड, त्याखाली जमीन जांभळी झालेली. मागे पेरू, अंजीर, आणि जाळीचं फाटक असलेल्या कुंपणात तो तलाव. बारा मीटर लांब, तळाला बोटभर निळ्या फरश्या. पाणी इतकं स्थिर की तुतीचं पान पडलं तरी तरंग उठायला वेळ लागतो. आणि वास कसलाच नाही. दुर्रियाला क्लोरीनने शिंका यायच्या, म्हणून डॉक्टर बहगत, तिचे यजमान, परदेशातून निळ्या बाटल्यांतलं दुसरंच औषध मागवायचे. डॉक्टर गेले, बाटल्या आणून देणारा गेला. कपाटात आता तीनच उरल्यात, त्याही रिकाम्या. तेव्हा तलाव क्लोरीनवर आणायचा. दुर्रियाची नात, नाज़ली, सात वर्षांची, जुलैत येणार आहे, आणि तिला पाण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही म्हणे.

लबीबचा फोटो जेवणाच्या टेबलावर ठेवला. कलिंगड आणि खारं चीज खाल्लं. झोप छान येईल असं वाटतं.

सोमवार, ५ जून

सकाळी कॉफी, मग झाडं, मग दुर्रियाच्या शेल्फातल्या जुन्या फ्रेंच कादंबऱ्या. दुपारी ऊन अंगावर येतं, सगळी वस्ती दारं लावून निजते. मला झोप येईना, म्हणून तलावाच्या काठावर बसून पाय पाण्यात सोडले.

किती मऊ पाणी ते. गार नाही, कोमट नाही, कापसात पाय बुडवावेत तसं. दहा मिनिटांत गुडघ्यांचं दुखणं नाहीसं झालं. अकरा वर्षांची दुखणी माझी, डॉक्टरांनी हात टेकलेत. उठले तर चार वाजले होते, आणि लक्षात आलं की इतका वेळ मला लबीबची एकदाही आठवण झाली नाही.

तो मार्चमध्ये गेला, मोठ्या उपासाच्या दिवसांत. चाळिसाव्याच्या प्रार्थनेला चर्च भरलं होतं, माझ्या नणंदा हुंदके देत होत्या, आणि मी त्यांना पाण्याचे पेले देत हिंडत होते. मागून कोणीतरी म्हणालं, बाई खंबीर आहे. दुसरी म्हणाली, खंबीर कसली, दगड आहे. खरं तर दोन्ही नाही. मी वाट बघतेय. अजून काही आलेलं नाही.

गुरुवार, ८ जून

तलाववाले कारागीर, उस्ता मेतवल्ली, आले. गोल, साठीचे, डोक्यावर पांढरी टोपी, बोलण्याला खळ नाही. पाण्याकडे बघून म्हणाले, मादाम, डॉक्टरसाहेब माणसांना भूल द्यायचे, देव त्यांच्यावर दया करो, घरी येऊन त्यांनी पाण्यालाही भूल दिली. (डॉक्टर बहगत खरंच भूलतज्ज्ञ होते.) जुनं औषध घाण मारत नाही म्हणे, तिची मोट बांधून तळाला निजवतं. क्लोरीन जाळतं. ही दोन औषधं म्हणजे एका नवऱ्याच्या दोन बायका. वेगळ्या बिऱ्हाडात ठेवलं तर दोघी साखर. एका स्वयंपाकघरात आणलं तर नवरा काळाठिक्कर. म्हणून आधी जुनं उतरू द्यायचं. ते एका काचेच्या नळीत पाणी घेऊन दोन थेंब टाकतात. पाणी निळं झालं की जुनं औषध अजून आहे. आज गडद निळं झालं.

क्लोरीनची दोन पिंपं आणि ती नळी ठेवून गेले. नळी बिनरंगी झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. आणि ओतायच्या आधी घरच्या बाईने दस्तूर म्हणायचं.

मला हसूच आलं. दस्तूर. परवानगी असावी, एवढाच अर्थ, पण किती वर्षांनी ऐकला हा शब्द. आमची दादा, म्हणजे दाई, ज़न्नूबा, मला सांभाळणारी, वरच्या मुलखातली, मोरीत गरम पाणी ओतताना दर वेळी म्हणायची, दस्तूर, ए जागेच्या मालकांनो. म्हणजे खालच्यांनी मुलंबाळं बाजूला घ्यावीत, कोणी भाजू नये. आणि मी पडले की माझ्याआधी जमिनीला चुचकारायची. तुझ्यावर देवाचं नाव, आणि खालच्या तुझ्या बहिणीवर, ती तुझ्याहून गुणी. प्रत्येकीची एक बहीण खाली असते म्हणे, त्याच नावाची, तसल्याच तोंडाची. तुला लागलं की अर्धं तिला लागतं. म्हणून तर मुलं लवकर गप्प होतात.

दुर्रिया एकदा मैदानात पडली तेव्हा मी हेच म्हटलं. सिस्टर एमिलियेननी ऐकलं, आणि मला पन्नास वेळा लिहायला लावलं, मला जमिनीखाली बहीण नाही. सुंदर अक्षरात, शाईने. ते पान मी कितीतरी वर्षं जपून ठेवलं होतं.

उस्तांना म्हटलं, मी सिस्टरांच्या हाताखालची, माझ्या तोंडून तो शब्द निघायचा नाही. ते म्हणाले, मग माझ्या बायकोला पाठवतो, तिच्या तोंडून काहीही निघतं.

जाताना मात्र काठाशी थबकले. मी नळ सोडला होता का, विचारत होते. पाणी बोटभर वर आलंय. मी नळाला हातही लावलेला नाही.

मंगळवार, १३ जून

रोज दुपारी पाय पाण्यात. आता मांड्यांपर्यंत हलकं वाटतं. काल लबीबच्या आवाजाची आठवण काढायला बसले. शब्द आठवले, आवाज नाही. त्याचंही काही वाटलं नाही. छानच आहे हे. दातांच्या डॉक्टरकडून परतताना गाल जसा आपला नसतो, तसं सगळं अंग.

दुर्रियाचा फोन. बेत बदलला, बावीसलाच येतेय. नाज़लीने विमानात बसण्याआधीच पोहण्याचा लाल पोशाख घालायचं ठरवलंय. तलाव तयार नसला तर ती तुझ्या कॉफीच्या भांड्यात उडी मारेल, म्हणाली. मागून नाज़ली ओरडत होती, तांत लोरीसला सांग, मी तळाला हात लावून येते. मी तिची तांत, म्हणजे मावशी.

उस्ता मेतवल्ली पुतणीच्या लग्नाला दमनहूरला गेलेत. पुढच्या मंगळवारी येतील. नळी अजून निळी, पण फिकट.

शनिवार, १७ जून

एक मूर्खपणा केला. लिहून ठेवते.

सकाळी नळी जेमतेम निळसर होती. मला वाटलं, एवढ्याशा निळ्याने काय होणार. बावीस तारीख पाचच दिवसांवर. मुलीचे हिरमुसलेले डोळे दिसायला लागले. दुपारी, नेहमीच्या वेळी, बादलीत पाणी घेऊन त्यात पांढरे दाणे विरघळवले आणि ओतले. मग दुसरी बादली. मग तिसरी. अख्खं पिंप. अनवाणीच होते. दाणे ओल्या काठावर सांडत होते, त्यांच्यावरूनच येरझाऱ्या.

पहिली बादली उचलताना तो शब्द तोंडात आला. अगदी जिभेवर. आणि लगेच सिस्टर एमिलियेनचं ते पान डोळ्यांसमोर. गिळून टाकला. मनात म्हटलं, मला जमिनीखाली बहीण नाही.

पाणी आधी हिरवं झालं. मग चहासारखं. मग तळातून काहीतरी उसळल्यासारखं मध्यभागी फुगलं आणि बसलं. पंपाच्या जाळीतून आवाज यायला लागला. उशीत तोंड खुपसून कोणी रडावं तसा. हवा अडकली असेल. पंप बंद केला. आवाज चालूच होता.

संध्याकाळी बघते तर दोन्ही तळपाय भाजलेले. कातडी सुटून आली होती. मला कळलंच नव्हतं. आताही कळत नाही. मलम लावलं.

रविवार, १८ जून

पाणी काकवीसारखं. जाळीला तपकिरी चिकट लगदा लागलाय, बोटांनी ओढला तर तार धरतो. क्लोरीनचा वास घरभर.

सकाळी कॉफी उतू गेली. भांडं उघड्या हाताने उचललं आणि धरून उभी राहिले. गॅस बंद केला, कॉफी ओतली, भांडं ठेवलं. तळहातावर फोड आले होते. दुखलं नाही. पण भांडं उचललं त्याच क्षणी मागच्या तलावात फाडकन आवाज झाला. कोणी पाण्यावर हात आपटावा तसा.

जाऊन बघितलं. कोणी नाही. तरंग काठाला लागत होते.

सोमवार, १९ जून

शिवणाची सुई घेऊन काठावर बसले. डाव्या हाताच्या करंगळीला टोचली. रक्ताचा थेंब आला. दुखलं नाही. मध्यभागी पाण्यावर एक वलय उठलं.

अनामिकेला टोचली. वलय.

वारा नव्हता. तुतीचं पान हलत नव्हतं. सुई नुसती जवळ नेली, टोचली नाही. पाणी स्थिर. टोचली. वलय.

दहाही बोटांना केलं. शेवटच्या काही वेळा वलय मी टोचायच्या आधीच उठलं. ओळखलं असावं.

हे भयंकर आहे हे मला समजतं. पण समजणं म्हणजे फळ्यावरचं वाक्य वाचल्यासारखं. उद्या उस्ता येतील.

पाणी आणखी चार बोटं चढलं.

मंगळवार, २० जून

उस्ता मेतवल्लींनी पाणी बघून कपाळाला हात लावला. दोघींना एका स्वयंपाकघरात कोंडलंत तर, म्हणाले. नंतर थट्टा थांबली. पाणी मोजण्याचं यंत्र बघून आले, नळ बघून आले. घरात थेंबभरही जास्त पाणी आलेलं नाही, मग तलाव काठाशी कसा. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले. मादाम, मीठ कशाला घातलंत.

मी मीठ घातलेलं नाही.

त्यांनी बराच वेळ माझ्या पायांच्या पट्ट्यांकडे बघितलं. विचारलं, दस्तूर म्हटलं होतं का. मी नाही म्हटलं. मग त्यांना सगळं सांगितलं, सुईचंसुद्धा. ते हसले नाहीत. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. विचारलं, यजमान गेल्यापासून तुम्ही किती रडलात. मी म्हटलं, नाही रडले. ते म्हणाले, कोणीतरी रडलंय, मादाम. चव घ्या हवी तर.

त्यांची आई सांगायची, खालची आपल्या वाटचं घेते ते मायेने घेते. तिला न विचारता जाळलं तर ती सगळंच ओढून धरते. सोडत नाही, आणि झेपतही नाही. मग तिला तिथे एकटीला राहवत नाही. दुसऱ्यांच्याही बहिणी जाग्या करते. उपाय एकच. जिने जाळलं तिने काठावर बसायचं, तिचं, म्हणजे आपलंच, नाव घेऊन दस्तूर म्हणायचं, आणि आपलं होतं ते परत मागायचं. सगळं. पाय, हात, यजमान. म्हणाले, माझ्या म्हणण्याने होत नाही, नाहीतर मी आत्ता म्हटलं असतं. पोर यायच्या आधी उरका.

जाताना म्हणाले, दुखेल. मी म्हटलं, हो.

बुधवार, २१ जून

दुपारी बसले काठावर. दस्तूर म्हटलं. स्पष्ट उच्चार, शाळेत पाठ म्हणावा तसा. पाणी जरा हललं, वाट बघत असल्यासारखं. पुढचं म्हणायचं होतं. माझं मला दे.

नाही म्हटलं.

खरं ते लिहिते. मला नकोय परत. गुडघे नकोत, तळपाय नकोत. मार्चची ती सकाळ नको, बाथरूमच्या दाराखालून येणारं पाणी नको, त्याच्या हातातला साबण नको. इथे बरं आहे. एक दुपार अजून. उद्या सकाळी म्हणेन, त्या यायच्या आधी.

संध्याकाळी पाणी निवळलं. उस्ता म्हणाले होते, निदान दहा दिवस लागतील. चौथ्या दिवशी तळाची एकेक फरशी दिसतेय.

गुरुवार, २२ जून

सकाळी झालं नाही. त्या नऊ वाजताच आल्या. दुर्रिया काठी टेकत, मोठ्याने हसत. मला कवटाळून रडली, लबीबसाठी, माझ्या खांद्यावर. मी तिची पाठ थोपटली. मग तलाव बघून म्हणाली, अगं बाहीवाल्या बाई, हे तू केलंस. किती निळं. आणि मला एक शिंकसुद्धा नाही आली.

नाज़लीचे पुढचे दोन दात पडलेत. लाल पोशाखातच उतरली टॅक्सीतून.

मी म्हटलं, आज पाण्यात नको. दुर्रियाने विचारलं, का. मी कारण सांगितलं. सगळं, जसं घडलं तसं. ती म्हणाली, सिस्टर एमिलियेन असती तर पुन्हा पन्नास वेळा लिहायला लावलं असतं. थकली आहेस तू. जेव. माझ्या आवाजात काही नव्हतं, म्हणून तिला पटलं नाही. मी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं असणार.

नाज़लीने पाय बुडवलेच. दिवसभर.

शुक्रवार, २३ जून

नाज़ली काठावर घसरून पडली. गुडघा हाडापर्यंत सोलला. दुर्रिया किंचाळली. माझ्या तोंडून आपोआप निघालं, तुझ्यावर देवाचं नाव, आणि तुझ्या बहिणीवर. साठ वर्षांनी.

पोरगी रडली नाही. गुडघ्याकडे बघून आजीला म्हणाली, तेता, मला नाही लागलं. तिला लागलं.

दुर्रियाने विचारलं, कुणाला गं. तिने तळाकडे बोट दाखवलं. म्हणाली, तिचेपण दोन दात पडलेत.

दुर्रियाला वाटलं, खेळ आहे.

शनिवार, २४ जून

गुडघ्याला पट्टी असूनही नाज़ली पाण्यात उतरली, आणि खालीच राहिली. दुर्रिया मोजत होती, गमतीने, फ्रेंचमध्ये, शाळेत मोजायचो तसं. साठनंतर तिचा आवाज बदलला. मी आत उतरून ओढून काढलं.

ओठ निळे. छाती हलत नव्हती, मग हलली. डोळे उघडून अगदी शांतपणे म्हणाली, मला श्वास नको होता. ती खाली धापा टाकत होती, तिला गप्प करायचं होतं. तांत लोरीस, तुझीपण आहे तिथे. ती खूप रडते.

दुर्रियाने पोरीला थोबाडीत मारली, मग छातीशी धरलं. परवाच्या विमानाने परत. फाटकाला कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडे दिली, म्हणाली, माझे हात कापतात, तुझे नाही.

खरंय. कापत नाहीत.

उस्तांना फोन केला. ते म्हणाले, म्हटलंत का. मी म्हटलं, अर्धं. ते मग म्हणाले, मादाम, तुमच्यासाठी नाही. त्या पोरीसाठी मागा. तुमची शांत झाली की तिची निजेल.

उद्या. दुपारी, सगळी निजल्यावर. नक्की.

रविवार, २५ जून, दुपार

काठावर बसून लिहितेय. दुर्रिया आणि नाज़ली आत निजल्यात. कुलूप काढून आले. पाय पाण्यात आहेत.

ती आहे तिथे. तळाशी, निळ्या फरश्यांवर बसलेली. माझा करडा अंबाडा, माझा घरातला झगा. तळहातांवर फोड. तळपाय सोललेले. डोळे सुजून मिटत आलेत. पन्नास वेळा लिहिलं होतं मी, ही नाही म्हणून. बिचारी.

दस्तूर म्हटलं. तिने वर बघितलं. दोन्ही हातांची ओंजळ माझ्याकडे धरली. घ्यायचंय. घेते. एवढं लिहून झालं की —

आता ती माझ्याकडे बघत नाही. माझ्या खांद्यापलीकडे बघते. खोल बाजूला. तोंड उघडून ओरडतेय, ऐकू येत नाही. ओठांवरून कळतं. नाज़लीला हाक मारतेय.

कुलूप माझ्या मांडीवर आहे. फाटक उघडंच —

खोल बाजूला तळाशी लाल काहीतरी आहे.

उठायला हवं. हे मला समजतं. घाबरायला हवं. खालची ऊर बडवतेय, म्हणजे मी घाबरलेली असणार. पण हात लिहितोच आहे. अक्षर चांगलं येतंय —

लाल हलत नाही.

लोरीस. दस्तूर, लोरीस. माझं मला दे. सगळं दे —

गुडघे —

पाय जळतात. देवा, पाय —

लबीब गेला. अरे, माझा लबीब गेला —

नाज़ली, मी आ